पाळकसाहेबांचा उरलेला शब्द

नांदुऱ्याच्या चर्चचे पाळक शेखर हिवराळे यांना लकवा मारला तो नोव्हेंबरातला सोमवार होता. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला म्हणून त्यांची बायको पुष्पांजली हिने दार ढकललं. साहेब भिंतीला टेकून बसले होते, बादली भरून वाहत होती आणि त्यांचा उजवा गाल खाली ओघळला होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, बोलायला तोंड उघडलं, पण नुसता घोगरा आवाज आला.

अकोल्याच्या दवाखान्यात आठ दिवस ते तसेच मुके होते. उजवा हात आणि उजवा पाय गेला होता. नवव्या दिवशी सकाळी नर्स त्यांची उशी नीट करत होती. साहेबांनी डोळे उघडले आणि चर्चच्या पुलपिटावरून प्रवचन करावं तशा स्वच्छ आवाजात म्हणाले, "भाडखाऊ."

नर्स दोन पावलं मागे सरली. पुष्पांजलीला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. मग साहेब बायकोकडे वळले आणि अतिशय प्रेमाने म्हणाले, "भाडखाऊ." संध्याकाळपर्यंत डॉक्टरांना, सफाईवाल्या बाईला आणि नाशिकहून धावत आलेल्या मुलीला, अर्पिताला, तोच शब्द मिळाला. दुसरा शब्द नव्हताच.

डॉक्टरांनी मायलेकींना बाजूला घेऊन सांगितलं, "मेंदूत बोलणं जुळवायची जी जागा असते ती गेली आहे. शिव्या वेगळ्या ठिकाणी असतात, त्यामुळे कधी कधी तेवढ्याच उरतात. त्यांना वाटतं आपण बरोबर बोलतोय. राग नका धरू."

"बाकीचं बोलणं परत येईल?" अर्पिताने विचारलं.

"सहा महिन्यांत काय येईल ते येईल. त्यानंतर आशा कमी."

साहेबांचं लहानपण कापसाच्या जिनिंगमधल्या मजुरांच्या चाळीत गेलं होतं. तिथे बाप मुलाला हाकसुद्धा शिवीनेच मारायचा. सतराव्या वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा सगळ्यात आधी शिवी सोडली. सव्वीस वर्षांच्या संसारात पुष्पांजलीने त्यांच्या तोंडून साधं 'गाढव' ऐकलं नव्हतं. परतीच्या गाडीत ती विचार करत राहिली, की इतकी वर्षं हा शब्द ह्यांच्यात होता तरी कुठे? आणि बाकीचे हजारो शब्द, प्रवचनं, प्रार्थना, माझं नाव, ते सगळं गेलं आणि हेच राहिलं?

पुष्पांजली बुलढाण्याच्या एका शाळामास्तरांची मुलगी. टापटिपीची, शिस्तीची, बोलण्यात पटाईत. चर्चमधल्या बायकांची गुरुवारची सभा तिनेच वर्षानुवर्षं चालवली. कुणाच्या घरी मयत झाली, कुणाची नोकरी गेली, कुणाचं लेकरू वाया गेलं, की पाळकीणबाई पोचायची. सोनं आगीतच उजळतं. देव आपल्याला झेपेल तेवढंच ओझं देतो. संकटातून देव माणूस घडवतो. ही वाक्यं तिच्या ओठांवर तयार असायची आणि ती मनापासून म्हणायची.

आता लोक तिच्याकडे येऊ लागले आणि तीच वाक्यं तिला म्हणू लागले. ती मान हलवायची, चहा ठेवायची, आणि लोक गेले की कपबशा आदळत विसळायची. बोलणारे खोटे नव्हते, हे तिला कळत होतं. पण त्या वाक्यांचा साहेबांना उचलून पलंगावर घेण्याशी, अंथरूण बदलण्याशी, लाळ पुसण्याशी काही संबंध लागत नव्हता. आलेल्या प्रत्येकाला साहेब डावा हात पुढे करून आनंदाने शिवी देत. काही हसायचे. काहींचे चेहरे उतरायचे. एक बाई फाटकाबाहेर दुसरीला म्हणालीच, "जे मनात असते तेच तोंडात येते, बरं." पुष्पांजलीने ते खिडकीतून ऐकलं. हळूहळू येणं कमी झालं.

नाताळ घरातच गेला. जानेवारीतल्या पहिल्या रविवारी घंटा वाजल्यावर साहेब डाव्या हाताने दाराकडे दाखवू लागले. पुष्पांजलीने त्यांना पांढरा सदरा घातला, चाकाच्या खुर्चीत बसवून चर्चमध्ये नेलं आणि पहिल्या ओळीत बसवलं. गाणी झाली. मग सगळ्यांनी माना खाली घातल्या, पापं आठवायची शांतता पसरली आणि त्या शांततेत साहेबांचा खणखणीत आवाज घुमला. एकदा, दोनदा, तीनदा. मुलांच्या रांगेत हसण्याचा फुगा फुटला.

उपासना संपल्यावर पंचकमिटीचे सेक्रेटरी किसनराव तिच्याजवळ आले. पोस्टातून रिटायर झालेला, सरळमार्गी माणूस. बोलताना त्यांची नजर जमिनीवर होती.

"पाळकीणबाई, वाईट नका वाटून घेऊ. साहेब आपलेच हायेत. पण लेकरं आयकतात. बाहेर व्हरांड्यात बाक हाये. खिडकीतून सगळं आयकू येते."

पुष्पांजलीला ते शब्द ओळखीचे वाटले. ते तिचेच होते.

दोन वर्षांपूर्वी तिने ते जनकाबाईला सांगितले होते. जनकाबाई विधवा, शाळेत पोषण आहाराचा स्वयंपाक करायची. तिची मुलगी सुचिता बाविशीची होती, पण बुद्धी चार वर्षांच्या पोरीची. गाणं सुरू झालं की सुचिता मोठ्यानं ओरडायची, कधी झटका येऊन पडायची. पुष्पांजलीने जनकाबाईच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी गोड आवाजात तिला व्हरांड्यातला बाक दाखवला होता. त्यानंतर तिला वाटलं होतं, प्रश्न मिटला.

पुढच्या रविवारी तिने साहेबांची खुर्ची व्हरांड्यात नेली. जनकाबाई बाकावर होती, सुचिताचं डोकं तिच्या मांडीवर. दोन वर्षांत तिचा एकही रविवार चुकला नव्हता. पुष्पांजली मात्र आत पहिल्या ओळीत बसायची, तिला ते कधी दिसलंच नव्हतं.

जनकाबाईने पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जागा केली. म्हणाली, "सलाम, पाळकीणबाई."

"सलाम."

आत प्रार्थना सुरू झाली तसे साहेब बोलले. सुचिताने डोकं वर केलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि टाळ्या वाजवून हसली. साहेबही हसले. बायका दोघी समोर बघत राहिल्या. तीन-साडेतीन महिने त्या अशाच बसल्या. झालेल्या गोष्टीबद्दल दोघींपैकी कुणी बोललं नाही.

पुष्पांजलीने उपास धरले, बुधवारचे आणि शुक्रवारचे. खामगावला व्यायामाच्या उपचाराला आठवड्यातून दोनदा एसटीने नेलं, ड्रायव्हर-कंडक्टरच्या हातापाया पडून साहेबांना वर चढवलं. घरी पहिलीच्या पाटीसमोर बसवून शिकवलं. "म्हणा, पाणी. पा. पा."

साहेब तिच्या ओठांकडे एकटक बघायचे, घाम फुटेपर्यंत जोर लावायचे, आणि तोच शब्द बाहेर पडायचा. आता बाहेर पडल्यावर त्यांना कळू लागलं होतं. चेहरा पडायचा. सहा महिने संपले.

मे महिन्यात ऊन पंचेचाळीसच्या वर गेलं. एका दुपारी लाईट नव्हती. ती त्यांना वरण-भात भरवत होती. चार घासांनंतर त्यांनी मान फिरवली. तिने पुन्हा चमचा पुढे केला. त्यांनी डाव्या हाताने ताटली उडवली आणि तिच्या तोंडावर, या वेळी खऱ्याच रागाने, तो शब्द फेकला. भात तिच्या साडीवर, जमिनीवर, धुतलेल्या चादरीवर पसरला.

पुष्पांजलीने त्यांच्या गालावर फाडकन थप्पड मारली.

ज्या गालाला काही कळत नव्हतं त्यावर नाही, दुसऱ्यावर. साहेबांनी डाव्या हाताने तोंड झाकून घेतलं, मार खाल्लेलं पोर झाकतं तसं. बोटांच्या फटीतून त्यांचे डोळे तिच्याकडे बघत होते. ती भातात बसली. तिला रडू आलं नाही. आपल्या आत जे आहे असं वाटत होतं त्यातलं काहीच तिथे नाही, एवढंच तिला दिसलं. सव्वीस वर्षं बायकांना शिकवलेला धीर, प्रीती, सोशिकपणा. सगळी बोलणीच होती.

त्या आठवड्यात तिने प्रार्थना केली नाही. करताच आली नाही. रविवारी व्हरांड्यात, आतलं गाणं सुरू असताना, ती समोर बघत म्हणाली, "जनकाबाई, मी साहेबांना मारलं."

जनकाबाईने तिच्याकडे पाहिलं नाही. "कोठी?"

"गालावर."

"म्या बी मारलं हिले." तिने सुचिताच्या केसांतून हात फिरवला. "पाठीवर. एकदा तं लाटण्यानं. वळ उठले होते. ते पाहून रातभर वाटलं, आता देव काही आपल्या घराकडं पाह्यत नसन."

"मग?"

"मंग काय. सकाळी हिले आंघोळ घालाची होतीच."

आतलं गाणं संपून प्रवचन सुरू झालं. अकोल्याहून तात्पुरते आलेले पाळक सहनशीलतेवर बोलत होते. पुष्पांजलीने साहेबांची लाळ पुसली. मग म्हणाली, "मी तुम्हाला इथं बाहेर बसवलं. मला तेव्हा काही कळत नव्हतं. मला माफ करा."

जनकाबाईने सुचिताचं डोकं मांडीवर नीट घेतलं.

"पाळकीणबाई, खरं सांगतो," ती म्हणाली. "साहेबाले लकवा मारला आयकलं, तवा मले बरं वाटलं होतं. मनात म्हटलं, आता समजन इले. मंग मायीच मले लाज वाटली. दोन दिस जेवन गेलं नाई."

"आता माफ केलंत का?"

"रोज करतो. रोज जरासक उरते."

पुष्पांजलीला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. जनकाबाईने पदर पुढे केला नाही. नुसती बसून राहिली. इतक्या महिन्यांत कुणी पुष्पांजलीजवळ असं नुसतं बसलं नव्हतं.

जूनमध्ये नवे पाळक नेमले गेले आणि चर्चचा बंगला रिकामा करावा लागला. कमिटीने सात महिने थांबून मग विचारलं, त्यात त्यांचा दोष नव्हता. अर्पिता म्हणाली, "आई, नाशिकला चला." आठ दिवस ती दोघं तिच्याकडे राहिलीही. दोन खोल्यांचं घर, सासू-सासरे, तिसऱ्या मजल्यावर चढायला जिना. साहेब खिडकीतून ओरडले की शेजारचे वर बघायचे. सासरे चांगले होते, काही बोलले नाहीत. पण जावई जेवताना मान वर करेना. पुष्पांजलीनेच परतायचं ठरवलं. स्टेशनवर अर्पिता रडत म्हणाली, "मी काहीच करू शकत नाही, आई." पुष्पांजली म्हणाली, "मीही नाही गं. फोन करत जा."

नांदुऱ्यात स्टेशनमागे एक खोली मिळाली. पुढे पत्र्याचं छप्पर, मागे मोरी. तिथे एके सकाळी ती साहेबांचं अंग पुसत असताना त्यांनी डाव्या हाताने निर्जीव उजवा हात उचलून छातीशी आणला, त्यावर डावा ठेवला आणि डोळे मिटले. मग अगदी हळू, थांबत थांबत, चढ-उतार देत ते बोलू लागले. शब्द तोच. पुन्हा पुन्हा तोच. पण त्यांचा सूर पुष्पांजलीने ओळखला. आजाऱ्यांची नावं घेताना ते असेच थांबायचे. परक्या गावी गेलेल्या लेकरांसाठी बोलताना आवाज असाच खाली यायचा. ती ओला टॉवेल हातात धरून उभी राहिली. मधे एका ठिकाणी त्यांनी डोळे किलकिले करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. तिला वाटलं, तिथे तिचं नाव होतं.

त्यांचं संपल्यावर ती म्हणाली, "आमेन."

म्हणून काही बरं झालं नाही. त्याच दुपारी त्यांनी औषध थुंकलं आणि ती त्यांच्यावर ओरडली. फक्त एवढं झालं, की ह्यांना बरं कर, बोलतं कर, असं मागणं तिने सोडलं. निराश होऊन नाही, असं ती स्वतःला सांगायची. कधी कधी निराश होऊनही. सकाळी ती म्हणायची, आज हात उचलू नये एवढं बळ दे. बहुतेक दिवशी ते मिळायचं.

दिवाळीनंतर जनकाबाईचं पोट फुगू लागलं. ती अंगावर काढत राहिली. नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी अकोल्याला पाठवलं. तिथे गाठ निघाली आणि ती पसरली होती. ऑपरेशन करून बघू, म्हणाले. जायच्या आधी ती सुचिताला घेऊन पुष्पांजलीच्या खोलीवर आली. सुचिता थेट साहेबांच्या खुर्चीजवळ जाऊन बसली आणि त्यांच्या चाकाशी खेळू लागली.

"मी नसलो तं हिचं काय होईन, पाळकीणबाई?"

'देव पाहील' हे शब्द पुष्पांजलीच्या अगदी ओठांवर आले. तिथेच थांबले.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी त्रेपन्न वर्षांची. साहेबांना उचलून उचलून कंबर गेली आहे. मी तुम्हाला वचन देऊ शकत नाही. पण तुम्ही अकोल्याहून येईपर्यंत ती माझ्याकडे राहील."

"आन् नाई आलो तं?"

पुष्पांजलीने जनकाबाईचा हात हातात घेतला. काम करून करून घट्टे पडलेला हात होता तो.

जनकाबाई आली, पण तीन महिन्यांसाठीच. ऑपरेशननंतर ती पुष्पांजलीच्याच खोलीत राहिली. भिंतीला लागून तिचं अंथरूण, पलंगावर साहेब, मोरीच्या बाजूला सुचिता. पुष्पांजली एकाला कुशीवर वळवायची, दुसरीला पेज पाजायची, तिसरीचा झटका आला की तिची जीभ दाताखाली येऊ नये म्हणून मान एका बाजूला धरून बसायची. चर्चमधल्या दोन-तीन बायका डबा देऊन जायच्या. आत यायला त्यांना संकोच वाटायचा. वास असायचा.

मार्चमध्ये एका पहाटे जनकाबाई गेली. शेवटचे दोन दिवस तिला फार दुखलं. गोळ्यांचा काही उपयोग नव्हता. पुष्पांजली तिच्या पायांजवळ बसून तळवे चोळत होती. जनकाबाईने विचारलं, "काऊन एवढं दुखते?" पुष्पांजली म्हणाली, "माहीत नाही, बाई." आणि चोळत राहिली.

मातीला सगळं चर्च आलं. नवे पाळक जनकाबाईच्या श्रद्धेबद्दल चांगलं बोलले. सुचिताला काही कळलं नाही. तिसऱ्या दिवसापासून शाळा सुटायच्या वेळेला ती दारात जाऊन उभी राहू लागली. आजारी पडण्याआधी आई त्या वेळेला कामावरून यायची. "माय," ती रस्त्याकडे बघून हाका मारायची. "माय आली नाई." पुष्पांजलीने तिला एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, थडग्यावरही नेऊन आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ती दारात. हाका मारून मारून आवाज बसायचा. तेव्हा साहेब खुर्चीतून तिला बोलवायचे, त्यांच्या त्या शब्दाने, अगदी मऊ करून. कधी ती यायची. कधी नाही.

मे लागला तेव्हा किसनराव एका सकाळी आले. हातात एक फॉर्म होता. अमरावतीकडे अशा मुलींची एक संस्था आहे, त्यांनी चौकशी केली होती. जागा झाली की कळवतील.

"तुमच्यानं किती दिवस होईन, पाळकीणबाई?" ते म्हणाले. या वेळी त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मीच तुमाले बाहेर बसवलं होतं. मले ते सुटत नाई."

"मीही बसवलं होतं कुणाला तरी," पुष्पांजली म्हणाली. "फॉर्म ठेवून जा. मी नाही म्हणत नाही. हो पण म्हणत नाही. एखाद्या दिवशी वाटतं, उद्याच पाठवावं. मग ती झोपेत माझं बोट धरते."

किसनराव खोलीत बघत उभे राहिले. वाळत घातलेली फडकी, औषधांचा डबा, मोरीशी बसलेली सुचिता, केस विस्कटलेली.

"प्रार्थना करू का?"

"करा. लहानशी करा. हिची आंघोळ राहिली आहे आणि साहेब उपाशी आहेत."

किसनरावांनी डोळे मिटले. बराच वेळ त्यांना सुरुवात सापडेना. शेवटी त्यांनी डोळे उघडले, खिडकीच्या चौकटीत ठेवलेली भाताची ताटली उचलली आणि विचारलं, "भात कालवून देऊ की तसाच?"

"कालवून. छोटे घास. डाव्या बाजूने."

ती सुचिताला घेऊन मोरीत गेली. बाहेरून साहेबांचा आवाज आला, तोच शब्द, तक्रारीचा. किसनराव म्हणाले, "हाव साहेब, गरम हाये. फुंकतो." तांब्याने पाणी ओतताना सुचिता ओरडत होती आणि पुष्पांजली एका हाताने तिचे खांदे धरून दुसऱ्या हाताने तिच्या डोक्याला साबण लावत होती. कंबरेतून कळ गेली तशी ती क्षणभर भिंतीला टेकली. मग पुन्हा वाकली.

तेव्हापासून किसनराव आठवड्यातून दोन सकाळी येतात. फॉर्म कपाटावर आहे. संस्थेकडून अजून काही कळलेलं नाही.